अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या जनुकांवर कायमचा परिणाम होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, दोन आठवड्यांपासून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, आणि अशा बाळांमध्ये ‘कायमचे एपिजेनेटिक बदल’ होतात हे वाचल्यापासून तुमचा डोळा लागत नाही. गरोदरपणात ऑफिसचं टेन्शन घेतलं म्हणून हे झालं का, असंही विचारलंय. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि माझा मुलगाही पेटीत राहून घरी आला. त्यामुळे हा विषय मी जीव लावून वाचलाय.

‘कायमचे’ हे आधी मनातून काढा. मुलीच्या जनुकांची अक्षरं बदललेली नाहीत. एपिजेनेटिक बदल म्हणजे त्या अक्षरांवरच्या खुणांमधले बदल: डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात, आणि कुठलं जनुक किती काम करणार यावर त्यांचा परिणाम होतो. पोटात बाळ वाढतं तसं हे गट चिकटणं-सुटणं आठवड्यागणिक बदलत जातं. ते इतकं नेमानं होतं, की नाळेच्या रक्तातल्या या खुणांवरून बाळ किती आठवड्यांचं आहे याचा अंदाज बांधता येतो. तशी गणितं २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मग तीस आठवड्यांच्या बाळाच्या खुणा चाळीस आठवड्यांच्या बाळासारख्या कशा दिसतील? शिवाय लवकर जन्मलेल्या बाळाच्या रक्तात केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्यांच्यावर मिथाइल मुळातच कमी असतं. म्हणजे दिसणाऱ्या फरकातला बराचसा भाग तिच्या वयाचा आहे, इजेचा नाही.

पुढे काय होतं? मेलबर्नच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १८ वर्षांच्या २४ मुलामुलींचं रक्त तपासलं. त्यातली निम्मी ३१ आठवड्यांच्या आत जन्मलेली होती. जन्मानंतर टाच टोचून कागदावर घेतलेले त्यांचे रक्ताचे थेंब जपून ठेवलेले होते, त्यांच्याशी तुलना केली. जन्माच्या वेळचे ठळक फरक अठराव्या वर्षापर्यंत बरेचसे मिटले होते, थोड्याच जागी उरले होते. अभ्यास लहान होता हे खरं. पण २०२० मध्ये १७ गटांतल्या ३,६४८ नवजात बाळांचा अभ्यास आला. त्यात गर्भवयाशी (बाळ किती आठवडे पोटात होतं याच्याशी) जोडलेल्या डीएनएवरच्या ८,८९९ जागा सापडल्या, आणि मोठ्या मुलांच्या रक्तात तिथली पातळी शाळेच्या वयापर्यंत स्थिरावलेली दिसली.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते इटलीतलं काम. एनआयसीयूत ज्या बाळांना टोचणं-नळ्या जास्त सोसाव्या लागल्या, त्यांच्यात सेरोटोनिनशी (मेंदूतल्या एका निरोप्या रसायनाशी) संबंधित एका जनुकावरचं मिथाइल घरी जाताना वाढलेलं आढळलं. म्हणून सिस्टरांना विचारा: रक्त घेताना बाळाला छातीशी धरू का? अंगावरच्या दुधाचे थेंब चाटवू का? दोन्हींनी बाळाचं दुखणं कमी होतं. डॉक्टर हो म्हणाले की कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीवर त्वचेला त्वचा लावून धरणं) रोज, जमेल तितका वेळ द्या, बाबांनीही द्यावं.

आणि टेन्शनचं म्हणाल, तर संसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं ही नेहमीची कारणं. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. कुणी घरात बोललं तरी हे तुम्ही ओढवून घेतलेलं नाही.

खुणांची महागडी तपासणी करून घेऊ नका, तिच्यावरून आज कुठलाही उपचार ठरत नाही. त्यापेक्षा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. उद्याच तारीख विचारून घ्या.