एखाद्या छोट्या गावातल्या रेडिओ केंद्राने मोठा इतिहास घडवला आहे का?

हो, आणि मला सगळ्यात आधी आठवतं ते कोलंबियातलं सुतातेन्सा. अँडीज पर्वतातलं, बोयाका प्रांतातलं एवढंसं गाव. 1947 मध्ये होसे होआकीन साल्सेदो नावाचा तरुण पाद्री तिथे आला. आजूबाजूच्या डोंगरांत विखुरलेल्या शेतकऱ्यांपैकी कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळा तर लांबच. त्याने एक छोटा ट्रान्समीटर उभा केला आणि धडे थेट हवेतून पाठवायला सुरुवात केली.

खरी गंमत पुढे आहे. नुसतं ऐकून अक्षर कसं गिरवणार? म्हणून घराघरांत शेजारीपाजारी रेडिओभोवती जमायचे आणि त्यांच्यातला थोडंफार शिकलेला एक जण, रेडिओवरचा आवाज सांगेल तसं फळ्यावर लिहून दाखवायचा. शेतकऱ्यांना दिलेले बरेचसे रेडिओ बॅटरीवर चालायचे आणि त्यांवर हे एकच केंद्र लागायचं. (श्रोत्याला पर्यायच न ठेवणं मला आजही खटकतं.) अक्षरओळखीबरोबर हिशोब, आरोग्य, शेती हेही शिकवलं जाई. 1958 मध्ये हे केंद्र चालवणाऱ्या संस्थेने शेतकऱ्यांसाठी साप्ताहिक काढलं, कारण नव्याने वाचायला शिकलेल्यांना वाचायला काहीतरी हवंच ना!

पुढे पैशांची चणचण वाढली आणि 1980 च्या दशकाअखेरीस केंद्र विकलं गेलं. पण श्रोत्यांनी पाठवलेली कितीतरी पत्रं बोगोटाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. ज्यांना कधीकाळी सहीसुद्धा येत नव्हती, अशांच्या हातची पत्रंही त्यांत आहेत.