‘आत्माश्रयी सिद्धता’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: तर्काने निर्णय घेणाऱ्या प्रोग्रामांविषयी मराठीत लिहिताना ‘सेल्फ-रेफरेन्शिअल प्रूफ’ला, म्हणजे स्वतःविषयीच बोलणाऱ्या विधानाच्या सिद्धतेला, ‘आत्माश्रयी सिद्धता’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. आत्माश्रय हे न्यायशास्त्रात (म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) दोषाचं नाव आहे; अन्योन्याश्रय, चक्रक, अनवस्था ही त्याची भावंडं. जे सिद्ध करायचं तेच आधाराला घेतलं की आत्माश्रय होतो आणि युक्तिवाद बाद ठरतो. स्वतःविषयी बोलणं हा काही दोष नाही. ‘मला सिद्धता नाही’ असं स्वतःबद्दल सांगणारं विधान तर्कशास्त्रज्ञ गोडेलने १९३१ मध्ये अंकगणिताच्या भाषेत रचलं, आणि त्याच्या पुराव्यात कुठेही गृहीतच साध्य म्हणून परत येत नाही. म्हणून ‘स्वनिर्देशी सिद्धता’ म्हणा.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. ‘मला सिद्धता आहे’ एवढंच म्हणणाऱ्या विधानाला खरोखर सिद्धता असते का, असं लेऑन हेन्किन या तर्कशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये विचारलं. ऐकताना हा आत्माश्रयाचा अस्सल नमुना वाटतो. मार्टिन लोबने १९५५ मध्ये दाखवून दिलं की असते! ‘अमुक विधानाला सिद्धता असेल तर ते खरं आहे’ एवढं अंकगणितात सिद्ध झालं, की ते विधानही तिथेच सिद्ध होतं.

आता प्रोग्रामकडे येऊ. (त्याला ‘कर्ता’ म्हणावं; ‘एजंट’ म्हटलं की मराठी वाचकाला विमा आठवतो.) कर्त्यासमोर पाच आणि दहा डॉलरच्या नोटा आहेत, एकच घ्यायची आहे. तो एका विधानाची सिद्धता शोधतो: ‘मी पाचची घेतली तर पाच मिळतील आणि दहाची घेतली तर शून्य.’ सापडली तर पाचची उचलायची, नाहीतर दहाची. समजा सापडली. मग तो पाचची घेणार, त्याला पाच मिळणार. ‘दहाची घेतली’ हे खोटं ठरलं, आणि तर्कशास्त्रात ‘जर’ खोटा असला की पुढे काहीही असो, जर-तर खरंच. म्हणजे सिद्धता असेल तर विधान खरं. हे सगळं कर्त्याच्या प्रणालीतही, म्हणजे ज्या नियमांनी तो सिद्धता शोधतो त्यांनीही, सिद्ध होतं, तेव्हा लोबच्या सिद्धांताने विधानाला सिद्धता आहेच. शोध पुरेसा लांबवर गेला तर कर्ता ती गाठतो आणि दहा डॉलर सोडून पाच उचलतो.

या सिद्धतेत आत्माश्रय नाही, ती निर्दोष आहे. गफलत ‘तर’च्या अर्थात आहे. आपण निर्णय घेताना ‘दहाची घेतली असती तर काय झालं असतं’ असा विचार करतो. कर्त्याला ‘असती तर’ ठाऊकच नाही, त्याच्याकडे फक्त ‘घेतली तर’ आहे. मराठीत हे दोन्ही प्रयोग इतके स्वच्छ वेगळे आहेत की ‘काउंटरफॅक्च्युअल’ला मी सरळ ‘असता-तर विधान’ म्हणेन. लेखात मात्र कर्त्याच्या तोंडी ‘घेतली तर’ हेच ठेवा. ‘असती’ घातलंत तर या उदाहरणातली अडचणच नाहीशी होईल.