सहल सहा जणांची, कार्ड मात्र एकाचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिवाळ्याच्या सुट्टीत सहा मित्रमैत्रिणींनी समुद्राकाठचं, वस्तीपासून लांबचं एक घर आठवडाभर भाड्याने घ्यायचं ठरवलंय. तुमच्या वाट्याचं भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण एक तृतीयांश. घरमालकाला सगळे पैसे तीन महिने आधी हवेत आणि मंडळी म्हणतायत, "तू कार्डावर बुक करून टाक, हिशोब नंतर बघू." कार्डावर आधीची थोडी बाकी आहे. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला आहे. जावं का, आणि पैसे कुठून काढावेत?

जा. वर्षातून एकदा पगाराचा तिसरा हिस्सा सुट्टीवर गेला म्हणून कोणी रस्त्यावर येत नाही. मला खटकतंय ते कार्ड.

"पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, तोवर सगळे पैसे देतील," असं तुम्ही लिहिलंय. मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल, तर बहुतेक कार्डांवर नव्या खर्चाला ही सवलत मिळतच नाही. व्यवहार झाला त्या दिवसापासून व्याजाचं मीटर सुरू. दर महिन्याला 3 टक्के धरला तर वर्षाचे होतात 42 टक्क्यांहून जास्त. सहा जणांचं मिळून भाडं म्हणजे तुमचे दोन पगार. ते तीन महिने कार्डावर पडून राहिले, तर जवळपास साडेअठरा टक्के पगार निव्वळ व्याजात जाईल, म्हणजे तुमच्या स्वतःच्या वाट्याच्या निम्म्याहून अधिक! आणि हे व्याज कोणी वाटून घेणार नाही, कारण ते कोणाला दिसतच नाही. मित्र लबाड आहेत असं मी म्हणत नाही. सहल होऊन गेली की पैसे द्यायची घाई कोणालाच राहत नाही, एवढंच.

त्यातून एक जण "बघतो, बहुधा जमेल" म्हणतोय. तो गळाला तर प्रत्येकाचा वाटा 20 टक्क्यांनी वाढतो. आणखी एक गळाला तर मूळ वाट्याच्या दीडपट. बुकिंग ज्याच्या नावावर, घरमालक त्यालाच धरणार. प्रवास विम्यावर भिस्त ठेवू नका. मित्राचं मन बदललं हे कारण साध्या विम्यात बसत नाही, आणि वादळाची बातमी आल्यावर काढलेला विमा सहसा त्या वादळाला चालत नाही. म्हणून विमा काढायचा तर बुकिंगबरोबरच काढा.

तेव्हा आधी पैसे, मग बुकिंग. ग्रुपवर एवढंच टाका: "रविवारपर्यंत ज्यांचे पैसे आले त्यांची नावं धरून सोमवारी बुक करते. नंतर कोणी गळलं तर त्याच्या जागी माणूस त्यानेच आणायचा, नाहीतर पैसे परत नाहीत." पाठवताना जिवावर येईल, पण पाठवा. रविवारपर्यंत जो वाटा देऊ शकत नाही, त्याला ही सहल आत्ता परवडत नाही. हे त्यालाही आत्ताच कळलेलं बरं. मालक दोन हप्त्यांत पैसे घेतो का, हेही विचारून पाहा. एवढ्या आधी बरेच जण तयार होतात.

तुमचा स्वतःचा वाटा? बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावू नका. दोन महिन्यांचा खर्च म्हणजे आधीच कमी. मी तीन ते सहा महिन्यांचा धरायला सांगते. मालकाने हप्ते मान्य केले तर तीन महिने दरमहा पगाराचे 11 टक्के काढलेत की वाटा पुरा होतो. नाही केले, तर एखादी दुसरी खरेदी पुढे ढकला. कार्डाची बाकी मात्र त्याआधी फेडा. "बिनव्याजी हप्ते" असं कोणी सुचवलं तर प्रक्रिया शुल्क किती आणि रोख भरल्यास मिळणारी सूट बुडते का, हे आधी बघा. व्याज बहुतेक वेळा तिथेच लपलेलं असतं.

घरमालकाला आणखी दोन गोष्टी लेखी विचारा. हीटरची वीज किंवा जळण भाड्यात धरलंय की मीटरप्रमाणे वेगळं? आडवाटेच्या घराचं हिवाळ्यातलं भाडं स्वस्त दिसतं आणि हे बिल नंतर हातात पडतं. दुसरं, समुद्र खवळून बोट किंवा रस्ता बंद झाला, तर वाढीव मुक्कामाचा दर काय? एका जादा दिवसाचे पैसे, शिवाय परतीचं तिकीट बदलायचा खर्च, प्रत्येकाकडे वेगळा हवा.

खोल्यांवरून कुरबूर होईल असं तुम्हीच लिहिलंय: दोन खोल्या समुद्राकडच्या, एक मागची, अंधारी. भाडं सरसकट सहाने भागू नका. समुद्राकडच्या खोलीसाठी किती जास्त द्याल, हा आकडा प्रत्येक जोडीने चिठ्ठीवर लिहावा. ज्या दोन चिठ्ठ्यांवर मोठे आकडे, त्यांना त्या खोल्या. ते जादा पैसे मागच्या खोलीवाल्यांच्या भाड्यातून वजा. वाटणीचा हा प्रश्न गणितज्ञांनीही गांभीर्याने घेतलाय. 1999 साली फ्रान्सिस सू यांनी घरभाडं आणि खोल्या कोणाच्या मनात खंत न राहता कशा वाटाव्यात यावर शोधनिबंध लिहिला. तुम्हाला चिठ्ठ्या पुरतील.

रोजच्या खर्चासाठी सामाईक डबा करा, पण त्यातून फक्त शिधा आणि जळण. बाहेरचं खाणंपिणं ज्याचं त्याने द्यायचं. बिल समान वाटलं जाणार हे माहीत असलं की माणसं जास्त मागवतात, हे 2004 च्या एका प्रयोगात दिसलंय, आणि तुम्ही तर कमी खाणाऱ्यांपैकी आहात. मोडतोडीची अनामतही बुकिंगआधीच सहा जणांकडून घ्या, आणि घरात शिरताच प्रत्येक खोलीचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा.