बॉडी किट फायबरचं घ्यावं की पीयूचं?

प्रश्न थोडक्यात असा: स्विफ्टला पुढचा लिप (बंपरखालची पट्टी), साइड स्कर्ट (दारांखालची पट्टी) आणि मागचा स्पॉयलर (डिकीवरचा पंख) लावायचा आहे. गाडी रोज नागपुरात मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी धावते. दुकानदार फायबरचं (काचतंतू आणि रेझिन नावाचा घट्ट होणारा चिकट द्रव यांचं) किट पीयूच्या (पॉलियुरेथेन, रबरासारखं लवचिक प्लास्टिक) जवळपास निम्म्या भावात देतोय. कोणतं घ्यावं?

अख्खं किट एकाच मालाचं असावं असा काही नियम नाही, भाऊ. जमिनीपासून दीड फुटाच्या आत जे बसतं ते पीयूचं घ्या, त्याच्या वरचं फायबरचं. तुमच्या बाबतीत लिप आणि स्कर्ट पीयू, स्पॉयलर फायबर. भावातला फरक बघून खालचे भाग फायबरचे घेतलेत, तर तो फरक पहिल्याच दुरुस्तीत निघून जाईल.

आपल्याकडे सिमेंट रोडवरून गल्लीत उतरायचं म्हणजे कित्येक ठिकाणी पायरीच उतरावी लागते. वर कॉलन्यांमधले स्पीड ब्रेकर ज्याच्या त्याच्या मनाने बांधलेले. तिथे लिप घासला की पीयू वाकतो, परत जागेवर येतो, रंग तेवढा खरवडतो. फायबर वाकत नाही. आधी जेलकोटवर (वरच्या चकचकीत थरावर) बारीक चिरा पडतात, मग आतल्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) थर सुटतात आणि शेवटी बोल्टच्या भोकापाशी तुकडा पडतो. स्पॉयलरला या कशाचाच त्रास नाही. तिथे आकार सरळ राहणं महत्त्वाचं, आणि ते फायबरच नीट करतं. पीयूचा लांब स्पॉयलर दोन उन्हाळ्यांत मधून बसलेला दिसला तर आश्चर्य नको.

आता खरी गोम. बाजारात पीयू म्हणून जे विकतात ते पीयू असतंच असं नाही. बरेचदा ते पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस, म्हणजे वेगळंच प्लास्टिक असतं. पीपी वाईट नाही, कंपनीचे बंपर बहुतेक त्याचेच असतात. पण पैसे पीयूचे देऊन पीपी का घ्यायचा? शिवाय दोघांची दुरुस्ती आणि रंगकाम वेगळं. भाग उलटा करून आतल्या बाजूचा ठसा बघा. पीयूआर किंवा टीपीयू अशी इंग्रजी अक्षरं असतील तर पीयू. पीपी, टीपीओ, ईपीडीएम असेल तर बंपरवालं प्लास्टिक. ठसाच नसेल तर मागच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, तापलेली सुई टेकवा. पीपी मेणासारखा वितळतो आणि वासही मेणबत्तीचाच येतो. बॉडी किटमधला साचात ओतलेला पीयू नीट वितळत नाही, धुरकटतो आणि फसफसतो.

याच कारणाने गरम इस्त्रीने बंपर जोडणारा कारागीर या पीयूवर चालत नाही. तो जे करतो ते पीपी वितळवून एकजीव करणं; पीयूवर जोड वरून दिसतो, आत धरत नाही. पीयू फाटला तर फटीला दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची खाच घ्यायची, 80 नंबरच्या पेपरने घासायचं, मागून जाळी लावून दोन भागांचा लवचिक प्लास्टिक रिपेअर गोंद भरायचा. तुमचा डेंटर हे करतो का, ते किट घेण्याआधी विचारा. फायबरला ही अडचण नाही. नागपुरात फायबरची टाकी जोडणारा माणूससुद्धा मॅट-रेझिन हाताळतो, आणि त्याला सांगता येतं: चीर मागून घासून उतार दे, ॲसिटोनने पूस, मग लहान-मोठे तीन थर चढव. उताराची रुंदी जाडीच्या दहा-बारा पट हवी. डेंटर घाईत एवढी घेत नाहीत, म्हणून जोड पुन्हा तिथेच उघडतो.

फायबरचा भाग घेताना मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बघा. कोरडे पांढरे धागे दिसले तर रेझिन कमी पडलंय. रेझिनचे चकचकीत गोळे साचलेले असतील तर उलट, भाग जड आणि ठिसूळ. पुढून नाण्याने टकटक करत जा. आवाज एकदम पोकळ झाला तिथे जेलकोटखाली हवा अडकली आहे. उन्हात गाडी तापली की नेमकी तीच जागा फुगते किंवा फुटते. रंगाआधी ती फोडून भरून घेणं हाच उपाय.

जाडीचा हिशोब सोपा आहे: 450 जीएसएमच्या (चौरस मीटरला 450 ग्रॅम) मॅटचा एक थर साधारण 1 मि.मी. देतो. स्पॉयलरला दोन-तीन थर पुरतात, बोल्टच्या जागी चार-पाच हवेत. इथे कुणाकडून बनवून घेत असाल तर मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन आणि रेझिनच्या 1 ते 2 टक्के हार्डनर (रेझिन जमवणारं द्रव्य). मे महिन्यात 1 टक्क्याच्या आसपासच ठेवायला सांगा आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू देऊ नका. 45 अंशांत रेझिन डब्यातच गरम होऊन जमतं. कोबाल्ट (रेझिन जमायला वेग देणारं द्रव्य) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर मागाहून.

नवा फायबर लगेच रंगवू नका. रेझिन आतून पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. घाई केली की उन्हात ते आणखी आकसतं आणि चकचकीत रंगातून मॅटची नक्षी वर येते. आपल्या उन्हाचा इथे फायदा आहे: भाग गाडीवर तात्पुरता बसवून, आकारात धरून तापू द्या. पीयूचं उलटं. तो गच्चीवर आडवातिडवा टेकवून ठेवला तर तसाच वाकडा होतो. वाकडा आलाच तर सपाट जागी उन्हात ठेवा किंवा हीट गनने हळूहळू गरम करून सरळ करा, आणि थंड होईपर्यंत दाबून धरा.

पीयूच्या रंगात दोन चुका नेहमी होतात. एक, साचातून काढण्यासाठी लावलेलं मेण किंवा सिलिकॉन नीट धुतलं जात नाही, मग रंगात माशाच्या डोळ्यासारखी छिद्रं पडतात. गरम पाणी आणि साबण, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, मग 320 चा पेपर, मग पुन्हा रिमूव्हर. दुसरी, साधी पत्र्याची पुटी आणि साधा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर). भाग वाकला की दोन्ही तडकतात. पुटी बंपरची लवचिक हवी. प्रायमर आणि क्लिअरमध्ये फ्लेक्स ॲडिटिव्ह (थर लवचिक करणारं द्रव्य) डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. भाग पीपीचा निघाला तर प्रायमरआधी अॅडहेजन प्रमोटरसुद्धा (रंग धरून ठेवणारा थर) लागतो, नाहीतर पहिल्या प्रेशर वॉशमध्ये रंग पापुद्र्याने निघतो.

बसवताना स्कर्टची भोकं गोल ठेवू नका, लांबट करा. दीड मीटरचा पीयूचा भाग हिवाळ्याच्या सकाळपासून मेच्या दुपारपर्यंत 5-6 मि.मी. सहज वाढतो. जागा नसेल तर मधून फुगतो आणि चिकटवलेली दुहेरी टेप सोडतो. फायबर कमी वाढतं, पण त्याला आवळणं सोसत नाही: भोक बोल्टपेक्षा 2 मि.मी. मोठं, रबरी वायसर, त्यावर रुंद वायसर, आणि हाताला घट्ट लागलं की थांबा. सेल्फ टॅपिंग स्क्रू फायबरमध्ये थेट मारू देऊ नका. स्पॉयलर नुसत्या टेपवरही नको, समृद्धीवर 120 ने जाणार असाल तर आतून बोल्ट हवेतच.

लिपसाठी बंपरच्या आतली, धक्का झेलणारी बीम किंवा फोम कापायला सांगितलं, तर ते किट सोडा.

विम्याचं एक लक्षात ठेवा. नेहमीच्या पॉलिसीत दाव्याच्या वेळी प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, फायबरग्लासवर 30 टक्के. पण बाहेरून लावलेलं किट आधी कळवून पॉलिसीत चढवलेलं नसेल तर हा हिशोब तुमच्या कामाचा नाही, त्याचे पैसे मागताच येत नाहीत. म्हणून बिलावर भागाचं नाव आणि माल दोन्ही लिहून घ्या. दुकानदाराशी आणखी एक ठरवा: न रंगवलेला भाग आधी गाडीवर लावून बघणार, फट जमली नाही तर परत. रंग लागल्यावर कुणी परत घेत नाही.