पिल्लं भरपूर, मोठी मासळी कुठे?

बदलत्या समुद्राबद्दल आणि माशांच्या पिल्लांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

मधली काही वर्षं रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) तारली नावालाही लागली नाही. आता लागते, तर बोटाएवढी पिल्लंच. समुद्र तापल्यामुळे मासळी संपली असं सांगतात. मग ही पिल्लं आली कुठून? (देवगड)

तापमान हे एक कारण आहे, पण सगळा दोष त्यावर टाकला की हिशेब चुकतो. तारलीची मादी एका हंगामात हजारो अंडी सोडते. 28-29 अंशांच्या पाण्यात ती साधारण दिवसाभरात फुटतात. पिल्लाच्या पोटाला चिकटलेला बलक दोन-तीन दिवस पुरतो. तेवढ्यात तोंड उघडतं, आणि लगेच त्या तोंडात मावेल इतकं बारीक प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मिळालं नाही तर पिल्लू मरतं. एखाद्या वर्षीची मासळी किती हे अंड्यांच्या संख्येपेक्षा या पहिल्या दिवसांवर ठरतं, हा विचार नॉर्वेच्या योहान यॉर्टनं 1914 साली मांडला. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला.

आपल्या बाजूला हे प्लवक पावसाळ्यातल्या वाऱ्यावर अवलंबून असतं. जून ते सप्टेंबर वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकलतो आणि खालचं थंड, खतयुक्त पाणी वर येतं. कन्याकुमारीकडून सुरू होणारी ही क्रिया उत्तरेकडे सरकते आणि गोव्याच्या पुढे तिचा जोर ओसरतो. वारा कमी पडला तर खाणं तयार होत नाही. फार झाला तर पिल्लं खोल समुद्रात वाहून जातात आणि पाणी इतकं घुसळतं की खाणं विखुरतं. म्हणजे 'जितका वारा तितकी तारली' हा नियम नाही. मधलाच टप्पा पिल्लांना मानवतो.

तारली एका वर्षाच्या आसपास, सुमारे 15 सेंमीची झाल्यावर अंडी घालू लागते आणि दोन-अडीच वर्षांपलीकडे क्वचितच जगते. त्यामुळे साठ्याला म्हाताऱ्या माशांचा आधार नसतो. लागोपाठ दोन हंगाम फसले की समुद्र रिकामा दिसतो. केरळात 2012 साली सुमारे चार लाख टन तारली उतरवली गेली. 2021 मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली होती. 2015-16 च्या एल निनोचा (प्रशांत महासागर तापून हवामान बिघडवणाऱ्या घटनेचा) यात मोठा हात होता, आणि घसरणीच्या काळातही पिल्लांवर जाळी चालूच राहिली, हेही खरं.

आता तुमच्या पिल्लांबद्दल. एखाद्या वर्षी वारा आणि प्लवक जुळून आलं की उरलेल्या थोड्या माद्यांचीही पिल्लं मोठ्या संख्येनं जगतात. मग गर्दी होते, तेच खाणं अनेकांत वाटलं जातं आणि वाढ मंदावते. म्हणून मासळी भरपूर असूनही आखूड राहते. ही साठा सावरण्याची संधी असते. ती पिल्लं फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्याला गेली तर पुढच्या हंगामाच्या माद्याच गेल्या. शिवाय तारलीचं मुख्य घर केरळ-कर्नाटकाचा किनारा आहे. पूर्वी ती 8 ते 14 अंश उत्तर अक्षांशांतली समजली जायची, 1980 च्या दशकानंतर वर पसरली. त्यामुळे तुमच्याकडे काय येईल हे फक्त तुमच्या खाडीतोंडाशी ठरत नाही.

समुद्र आम्लधर्मी होतोय, त्यामुळे माशांची पिल्लं वास ओळखेनाशी होतात असं वाचलं. खरं का? (नाशिक, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

वरच्या पाण्याचा सामू (pH) औद्योगिक काळापासून सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे, फक्त आम्लाच्या दिशेनं सरकतोय. वासाचा दावा प्रवाळातल्या माशांवरच्या प्रयोगांतून आला होता. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या फेरतपासणीत तो टिकला नाही. कालवं, शिंपल्या यांच्या पिल्लांना कवच बांधायला त्रास होतो, याला मात्र भक्कम पुरावा आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्याजवळ एकाएकी भरपूर मासळी लागते, आणि कधी मेलेली वाहून येते. हे प्रदूषण समजायचं का? (गोवा)

दर वेळी नाही. पावसाळ्यात वर आलेल्या खोल पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. वर पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं बसतं. खाली मेलेलं प्लवक कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू संपतो. गोव्यासमोर या महिन्यांत तळाच्या पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हे दीर्घकाळ मोजलं आहे. मासळी वरच्या पातळ थरात आणि किनाऱ्याकडे दाटते, म्हणून जाळं भरतं. अशा वेळी 'यंदा मासळी वाढली' म्हणणं धोक्याचं.

तरंगणारी पिल्लं यातून बऱ्यापैकी सुटतात. तळाशी राहणारी कोळंबी, लेपे, खेकडे यांची पिल्लं अडकतात. पाणी तापलं की कोंडी वाढते. 28 चं पाणी 30 अंशांवर गेलं तर त्यात मावणारा प्राणवायू जेमतेम तीन टक्क्यांनी घटतो, पण माशाची गरज सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते. लहान पिल्लाच्या शरीरात साठा नसतो, त्यामुळे ही तफावत त्याला आधी भोवते.

तपासायचं असेल तर नमुना पृष्ठभागाचा घेऊ नका. तळापासून एक मीटर वरचं पाणी, पहाटे घ्या. दिवसा प्लवक प्राणवायू सोडतं आणि आकडा फसवतो. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला तर मासळी गुदमरते. आधी वाम, लेपे, खेकडे मेले असतील तर कारण तळाकडे शोधा. पाणी हिरवं किंवा लालसर असून वरची मासळी मेली असेल तर कारण प्लवकाचा फुलोरा, म्हणजे त्याची एकाएकी झालेली बेसुमार वाढ. नाल्याच्या किंवा खाडीच्या तोंडाशीच मृत्यू दिसले तरच प्रदूषणाचा संशय पहिला.

ट्रॉलरला 40 मिमी चौकोनी आसाचा (भोकाचा) खोला, म्हणजे जाळ्याची शेवटची पिशवी, लावा म्हणतात. आम्ही लावला, पण पिल्लं तरी अडकतातच. (रत्नागिरी)

आधी आस मोजा. 40 मिमी म्हणजे ओलं जाळं ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं आतलं अंतर. एक बाजू 20 मिमी. दुकानात '40' म्हणून काय दिलंय ते पट्टी लावूनच कळतं. नेहमीचा शंकरपाळी आस ओढताना लांबट होऊन मिटतो. चौकोनी आसात दोरे ओढीच्या दिशेनं आणि तिला आडवे असल्यामुळे भोक उघडं राहतं. हा फायदा पुढच्या गोष्टींनी जातो: जाळं 45 अंशांत न फिरवता नुसतं जोडणं, जोडाच्या ठिकाणी चुण्या पडणं, गाठी सैल असलेलं पातळ सूत वापरणं, आणि झिजू नये म्हणून आतून किंवा बाहेरून दुसरं बारीक जाळं गुंडाळणं. शेवटची चूक सर्वांत जास्त दिसते. जाळं फार वेळ ओढलं तरीही भोकं मासळीनंच बुजतात. ओढ लहान ठेवा.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. चौकोनी आस गोलसर अंगाच्या माशाला मोकळा करतो. पापलेटसारख्या रुंद, चपट्या पिल्लाला तो तितकासा उपयोगी नाही. तिथं पिल्लं जमतात ती जागा आणि हंगाम टाळणंच जास्त कामाचं. तारलीचे खवले सहज गळतात, त्यामुळे सुटलेलं प्रत्येक पिल्लू जगतं असंही धरू नका.

बाजारात पिल्लू कसं ओळखायचं? (पुणे)

महाराष्ट्रानं 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली आहे. पापलेटला 135 मिमी. तारलीसाठी केरळात 10 सेंमी, बांगड्यासाठी 14 सेंमी अशी मर्यादा आहे. तोंड मिटलेलं ठेवून थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा. पट्टी नसेल तर एटीएम कार्ड चालतं. त्याची लांबी साडेआठ सेंमी, रुंदी साडेपाचच्या किंचित आत. कार्ड एकदा लांबीनं आणि एकदा रुंदीनं ठेवलं की 14 सेंमी होतात. त्याहून आखूड बांगडा घेऊ नका. पापलेट अर्ध्या सेंमीनं कमी चालेल. तारली कार्डाच्या लांबीपेक्षा बोटभर रुंदीनं तरी जास्त हवी, आणि शक्यतो पूर्ण 15 सेंमीची, कारण 10 सेंमीच्या तारलीनं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात.