दोन रात्रींची सहल : प्राग, व्हिएन्ना आणि अंगकोर

तुम्ही तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. म्युनिकहून शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतायचे असेल तर प्राग आणि व्हिएन्ना दोन्ही बसतील का, पुढे सिंगापूरला बदली झाल्यावर कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांसाठी दोन दिवस पुरतील का, आणि आईचे गुडघे दुखत असताना हे सगळे तिला झेपेल का. नोकरीनिमित्त मी आधी दक्षिण जर्मनीत आणि नंतर सिंगापूरला राहिलो आहे, त्यामुळे या वाटा चांगल्या ओळखीच्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. नकाशावर ही दोन शहरे शेजारी दिसत असली, तरी त्यांच्यामधला रेल्वेचा प्रवास साधारण चार तासांचा आहे, आणि म्युनिकहून जाण्यायेण्याचा वेळ त्याहून वेगळा. त्यात सामान ठेवणे, खोली मिळण्याची वाट पाहणे आणि स्टेशन गाठणे धरले, तर एकेका शहराच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. सहल कंपन्यांच्या जाहिरातींत 'सहा दिवसांत पाच शहरे' असे जे छापलेले असते, त्यातली निम्मी शहरे बसच्या खिडकीतूनच पाहायची असतात. माझा रिवाज असा की, प्रत्येक छोट्या सहलीत निवांतपणे पाहण्याच्या एक-दोन जागाच ठरवायच्या, त्या कोणत्या वारी आणि किती वाजता उघड्या असतात ते तिकिटे काढण्याआधी पाहायचे, आणि गाडी, मुक्काम व जेवण त्यांच्या सोयीने लावायचे. बाकीचे वाटेत दिसले तर उत्तमच.

हे वारांचे प्रकरण किती महत्त्वाचे आहे, ते प्रागमध्ये चांगले कळते. तिथे माझ्या मते दोन जागा अजिबात चुकवू नयेत : टेकडीवरच्या किल्ल्यातले सेंट व्हायटसचे कॅथेड्रल आणि जोसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती. कॅथेड्रलमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना दुपारी बारानंतरच सोडतात. जोसेफोव्हमधील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, आणि दफनभूमी ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीमुळे शनिवारी बंद असतात. म्हणजे शनिवारी किल्ला आणि रविवारी सकाळी जोसेफोव्ह हाच क्रम जमतो. पुष्कळ लोक शनिवारी उत्साहाने जुन्या वस्तीत जातात, तिथली बंद दारे पाहतात, आणि रविवारी सकाळी किल्ल्यावर जाऊन तिथेही ताटकळतात. ज्यूंच्या सणांच्या दिवशीही ही स्थळे बंद असल्यामुळे, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणार असाल तर तारखा पाहून घ्या.

किल्ल्यावर खालून पायऱ्यांनी चढू नका. २२ क्रमांकाची ट्राम वरपर्यंत जाते आणि तिच्या थांब्यापासून आत जाणारा रस्ता जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे आईंना त्रास होणार नाही. उतरतानाही ट्रामच घ्यावी, कारण दगडी उतार आणि पायऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा जास्त जाचतात. कॅथेड्रलचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण झाले १९२९ मध्ये, त्यामुळे मध्ययुगीन दगडकामाच्या जोडीला आत अल्फॉन्स मुखा या चित्रकाराने आखलेली विसाव्या शतकातली रंगीत काचेची खिडकीही आहे. सकाळी तिच्यातून प्रकाश येत असेल, तर बाजूच्या बाकावर जरा टेकावे. पुढे सरकण्याची घाई तिथे तरी करू नये.

जोसेफोव्हमध्ये वेळ राखून ठेवावा तो पिंकास सिनेगॉगसाठी. बोहेमिया आणि मोराव्हिया या आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावे तिथल्या भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत. लांबून पाहिले तर भिंतीला नुसता करडा पोत असावा असे वाटते; जवळ गेल्यावर लाल अक्षरांतली आडनावे आणि काळ्या अक्षरांतली नावे व तारखा वेगळ्या होऊ लागतात, आणि एकाच आडनावाखाली चार-पाच नावे आली की ते अख्खे घर होते हे ध्यानात येते. इथे लहान मुलांना न्यावे की नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा. चार्ल्स पुलाचे काम १३५७ मध्ये सुरू झाले. तो पूल सकाळी सातच्या आत पाहावा, त्यानंतर तिथे माणसांशिवाय काही दिसत नाही. जुन्या शहराच्या चौकातल्या १४१० सालच्या घड्याळातल्या बाहुल्यांचा ताशी खेळ मात्र इतका आटोपशीर आहे, की त्यासाठी अर्धा तास आधी जागा धरून उभे राहण्यात अर्थ नाही.

पैशांविषयी एक सूचना. प्रागमध्ये कोरुना चालतो, आणि पर्यटकांच्या रस्त्यांवरची काही चलन बदलून देणारी दुकाने ठळक अक्षरांत एक दर लावून प्रत्यक्षात दुसराच देतात. लहान रकमेचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून घेण्याचा हक्क तिथल्या कायद्याने ग्राहकाला दिला आहे, म्हणून पावती जपून ठेवा. शक्यतो कार्डच वापरा, आणि यंत्राने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारले तर नेहमी स्थानिक चलन निवडा. ट्रामचे कागदी तिकीट विकत घेऊन भागत नाही, त्यावर यंत्राचा शिक्का मारून घ्यावा लागतो. तपासनीस परक्यांना सवलत देत नाहीत.

व्हिएन्नासाठी वेगळा शनिवार-रविवार काढा. म्युनिकहून थेट गाडी सुमारे चार तासांत पोहोचते. तिथे मी कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातल्या ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या दालनासाठी एक पूर्ण सकाळ ठेवीन, कारण त्याची इतकी चित्रे जगात दुसरीकडे कुठेच एकत्र नाहीत. सोमवार जोडून सुट्टी घेणार असाल, तर उन्हाळा वगळता हे संग्रहालय सोमवारी बंद असते हे लक्षात असू द्या. शोनब्रुनच्या बागेत जायला तिकीट लागत नाही. राजवाड्याच्या आतल्या खोल्या नाही पाहिल्या तरी माझ्या मते फारसे बिघडत नाही.

आता अंगकोर. तिथे दोन दिवस पुरतात, पण तिकीट तीन दिवसांचेच काढावे. एका दिवसाला ३७ डॉलर आणि तीन दिवसांना ६२ डॉलर असा दर आहे, आणि ते तीन दिवस सलग असावे लागत नाहीत. तिकिटावर तुमचे छायाचित्र असल्यामुळे ते दुसऱ्याला देता येत नाही. नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला. तो सिएम रिएप शहरापासून बराच लांब आहे, तेव्हा जातायेता तासाभराचा प्रवास हिशेबात धरा.

अंगकोर वाट हे बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले विष्णूचे मंदिर, आणि त्याचे मुख पश्चिमेला आहे. या एका गोष्टीवर तिथली सगळी वेळापत्रके अवलंबून आहेत. सूर्य मंदिराच्या पाठीमागून उगवतो, म्हणून पहाटे सगळी गर्दी समोरच्या तळ्याकाठी कॅमेरे रोखून उभी असते, आणि सूर्य वर आला की ती न्याहारीसाठी हॉटेलांकडे पांगते. त्या वेळी तुम्ही सरळ आत जाऊन मागच्या, म्हणजे पूर्वेच्या, ओवरीत पोहोचायचे. तिथे सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन कोरलेले आहे. एका बाजूला गोल डोळ्यांचे असुर, दुसऱ्या बाजूला लांबट डोळ्यांचे देव, मध्ये विष्णू आणि खाली आधाराला कूर्म एवढे सगळेच पाहतात. तुम्ही रवीच्या बुंध्याजवळ वाकून बघा. घुसळणीच्या वेगात सापडलेले मासे आणि मगरी तिथे अक्षरशः तुकडे होऊन भिरकावल्या गेल्या आहेत.

पश्चिमेची ओवरी मात्र दुपारी तीननंतर पाहावी, तेव्हा ऊन थेट भिंतीवर येते. प्रवेशद्वारातून उजवीकडे वळले की कुरुक्षेत्र आणि डावीकडे लंकेतले युद्ध. कुरुक्षेत्राच्या पटात कौरव डावीकडून आणि पांडव उजवीकडून चालून येतात, शरपंजरी पडलेले भीष्म वरच्या बाजूला आहेत, आणि अर्जुनाचा सारथी चतुर्भुज आहे. लंकेच्या पटात राम हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडतो. इतर देशांतल्या पर्यटकांना हे सगळे कोण आहेत हे समजावून घ्यावे लागते. तुमच्या आईवडिलांना वाटाड्याची गरज पडणार नाही. उलट तेच तुम्हाला सांगत सुटतील, आणि त्यासाठी तासभर जास्तीचा ठेवावा.

गुडघ्यांचे म्हणाल तर, मधल्या शिखरांच्या मजल्यावर नेणारा जिना फारच उभा आहे, तो आईंनी टाळावा. ओवऱ्या पाहण्यासाठी तो चढावा लागत नाही. ज्यांना वर जायचे असेल त्यांनी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. बौद्धांच्या पवित्र दिवशी तो मजला बंद असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार ठरवून आधी बांते श्रेईला जा. ९६७ सालचे हे मंदिर लहान, बसके आणि गुलाबी दगडाचे आहे. तिथे फारशा पायऱ्या नाहीत, आणि रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प तर डोळ्यांच्या थोडेच वर येते. परतताना ता प्रोह्म घ्या. झाडांच्या मुळांनी वेढलेल्या या मंदिराच्या जतनाचे काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केले आहे. बायोन मंदिरावरचे दगडी चेहरे वेळ उरला तर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिलमध्ये वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊ नका. जेवणात भाजीच्या पदार्थांतही माशांचा रस घालण्याची तिकडे पद्धत आहे, म्हणून शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढे सांगून थांबू नका, माशांचा रसही नको हे स्पष्ट सांगा.

आईवडील म्युनिकला 'तीन महिने' येणार असे तुम्ही लिहिले आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, अल्पकालीन व्हिसा महिन्यांत मोजत नाहीत, तर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस असा मोजतात, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरतात. एक तारखेपासून पुढचे तीन महिने मोजले तर बहुतेक वेळा ९१ किंवा ९२ दिवस भरतात, तेव्हा परतीचे विमान त्या हिशेबाने ठरवा. झेक प्रजासत्ताक आणि ऑस्ट्रिया यांच्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, पण जर्मनीत परत शिरताना गाडीत पोलीस कागदपत्रे तपासू शकतात, म्हणून त्या दोघांचे मूळ पासपोर्ट म्युनिकच्या घरी ठेवून निघू नका.