टीजी वाढलाय, गाठ दिसतेय, आता परत ऑपरेशन?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आई ५४ वर्षांची आहे. ६ वर्षांपूर्वी पॅपिलरी कॅन्सर म्हणून तिची पूर्ण थायरॉईड काढली, मग किरणोत्सारी आयोडीनचा डोसही झाला. सगळं छान चाललं होतं पण दीड वर्षात टीजी (थायरोग्लोब्युलिन, थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) ०.४ वरून १.९ आणि आता ४.२ झालाय, सोनोग्राफीत मानेच्या डाव्या बाजूला १३ मिमीची गाठ आलीये. सर्जन म्हणतात ऑपरेशन करू. मामा म्हणतो चाकू लागला की कॅन्सर पसरतो, परत आयोडीनच द्या. आई भजनी मंडळात गाते, तिला आवाज जायचीच धास्ती जास्त. आणि मध्ये आमच्या इथल्या डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) ०.०६ बघून थायरॉईडची गोळी १२५ वरून ७५ केली, ते बरोबर आहे का?
– एक मुलगी, भांडुप

उत्तर : ताई, शेवटचं आधी घेतो कारण ते आजच निस्तरायला हवं. आईला थायरॉईड नाहीच, त्यामुळे हा टीएसएच गोळीने मुद्दाम खाली ठेवलेला असतो, उरल्यासुरल्या पेशींना तो खतपाणी घालतो म्हणून. आजार शिल्लक असल्याची शंका असली की साधारण ०.१ च्या खालीच ठेवतात, अर्थात छातीत धडधड होते का, हाडं कशी आहेत हे बघून. रिपोर्टवर ठळक अक्षरात 'लो' छापून येतं आणि कोणीतरी गोळी कमी करून टाकतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की काय सांगू. आजच सर्जनना फोन करून विचारा, मनाने काही बदलू नका.

आणि एक महत्त्वाचं, गोळी कमी केली ती ४.२ च्या टेस्टआधी की नंतर? आधी केली असेल तर टीएसएच चढला की टीजीही चढतो, म्हणजे ह्या ४.२ मधला काही भाग गोळीचाच असू शकतो. म्हणून टीजी, टीएसएच आणि अँटी-टीजी अँटिबॉडी एकत्र बघायचं, दरवेळी एकाच लॅबमधून, कारण अँटिबॉडी असल्या तर टीजी खोटाच कमी दिसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी रिपोर्ट बिघडतात.

पण गाठ दिसतेय ती दिसतेय, तिचं उत्तर हवंच. सोनोग्राफीखाली सुई घालून एफएनएसी, म्हणजे गाठीतल्या पेशींची तपासणी, करतात आणि ती सुई धुतलेल्या पाण्यात टीजी मोजतात. मानेच्या बाजूच्या गाठीत टीजी भरपूर निघाला तर मग फारशी शंका उरत नाही. गाठ ८-१० मिमीपेक्षा लहान असती तर नुसतं लक्ष ठेवूया म्हटलं असतं, १३ मिमीला तपासावंच.

पक्कं झालं तर ऑपरेशनच, मामांना सांगा. आयोडीन बारीक विखुरलेल्या पेशींना चांगलं लागू पडतं, डोळ्याला दिसणाऱ्या गाठीवर त्याचा भरवसा नसतो, आणि ही गाठ एकदा आयोडीन देऊनही आलीये. चाकूने पसरतो हे सोडून द्या. उलट फक्त ती एक गाठ वेचून काढली तर शेजारच्या राहतात आणि तिसऱ्यांदा मान उघडायची वेळ येते, म्हणून त्या बाजूचा लिम्फ नोड्सचा, म्हणजे मानेतल्या छोट्या ग्रंथींचा, पूर्ण कप्पा काढतात. सर्जनना सरळ विचारा, असं परत मान उघडून करायचं ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? विचारण्यात अपमान नाहीये.

आवाजाची नर्व्ह श्वासनलिकेला चिकटून जाते, त्यामुळे नुसत्या बाजूच्या कप्प्यात तिला धोका कमी. मधला कप्पाही परत उघडायचा असेल तर जुन्या व्रणामुळे धोका वाढतो, आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथी पण तिथेच. ऑपरेशनआधी दुर्बिणीने व्होकल कॉर्ड बघून घ्या, आई गाते हे आवर्जून सांगा. बाजूच्या कप्प्यात खांद्याची नर्व्ह दुखावू शकते, हात वर करायला त्रास होतो, फिजिओथेरपी लवकर सुरू करा. नंतर तोंडाभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर सकाळची वाट बघू नका, ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण.

सीटी सांगितला तर त्या इंजेक्शनमध्येही आयोडीन असतं, पुढे डोस द्यायचा झाला तर काही आठवडे थांबावं लागतं, तेव्हा आधीच विचारा. ऑपरेशननंतर ६ ते १२ आठवड्यांनी परत टीजी करून डोसची गरज आहे का ते ठरवतात. दुसरं मत हवं असेल तर परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, ते १९६३ पासूनचं. जाताना पहिल्या ऑपरेशनचा रिपोर्ट, बायोप्सीच्या स्लाइड्स आणि सगळे टीजी तारखेवार लावून न्या. आणि मामांनाही ओपीडीत घेऊन जा, त्यांचे प्रश्न तिथेच होऊन जाऊ देत.